करड्यात दडलेला तपकिरी

सप्टेंबर १९३९मध्ये पोलंडची सीमा ओलांडून आत घुसलेले जर्मन रणगाडे कोणत्या रंगाचे होते? प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्यांना कित्येक दशके हा प्रश्नच पडला नव्हता. संचाच्या सूचनापत्रकात 'जर्मन ग्रे' लिहिलेले असे, दुकानात त्याच नावाची डबी मिळे आणि युद्धकाळातले छायाचित्र पाहावे तर रणगाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट करडाच दिसे. तीन साक्षीदार, आणि तिघांचे म्हणणे एकच.

तरीही ते चूक होते. थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉयल या संशोधकांनी जर्मन सैन्याचे मूळ आदेश धुंडाळून प्रकाशित केले, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धातला नियम सांगत होता, की गाडीचा दोन-तृतीयांश भाग गडद करड्या क्रमांक ४६ने रंगवावा आणि उरलेल्या एक-तृतीयांश भागावर गडद तपकिरी क्रमांक ४५चे पट्टे द्यावेत. जुलै १९४०मध्ये रंगाची बचत व्हावी म्हणून तपकिरी बंद झाला आणि मग सगळी गाडी करडी राहिली. म्हणजे पोलंडची मोहीम आणि फ्रान्सची मोहीम, दोन्ही लढल्या गेल्या त्या दोनरंगी रणगाड्यांनिशी.

मग तो तपकिरी इतकी वर्षे कोणाच्या नजरेस का पडला नाही? कारण कृष्णधवल फिल्म रंग टिपत नाही, उजळपणा टिपते. हा करडा आणि हा तपकिरी दोन्ही इतके गडद होते, आणि त्यांचा उजळपणा इतका जवळजवळ सारखा होता, की फिल्मवर दोन्ही एकाच काळपट छटेत मिसळून गेले. आदेश हाती आल्यावर लोकांनी जुनीच छायाचित्रे पुन्हा भिंगाखाली घेतली. काही चांगल्या प्रतींमध्ये पट्ट्यांच्या पुसट कडा सापडल्या. त्या तिथे पहिल्यापासूनच होत्या, पण काय शोधायचे हे कोणाला माहीत नव्हते.

लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींना अस्सल रंग देणे हे काम या अर्थाने तपासाचे आहे. कागद, छायाचित्र, जुन्या पत्र्यावर उरलेला रंग आणि दुकानातली बाटली असे चार साक्षीदार असतात. प्रत्येकाची भरवशाची जागा वेगळी आणि फसवण्याची पद्धतही वेगळी. शिवाय 'जर्मन रणगाड्याचा रंग' किंवा 'अमेरिकन जीपचा रंग' असे काही नसतेच. कोणती गाडी, कोणत्या कारखान्यातली, कोणत्या महिन्यातली आणि कोणत्या आघाडीवरची, हे ठरले की मगच रंगाचा प्रश्न नीट विचारता येतो.

क्रमांक स्थिर, छटा अस्थिर

सैन्याला रंग हजारो लिटरमध्ये आणि डझनभर पुरवठादारांकडून घ्यावा लागतो. 'हिरवा द्या' एवढे सांगून ते भागत नाही. म्हणून प्रत्येक देशाने रंगांना क्रमांक दिले आणि नमुन्याचे तुकडे छापले. जर्मनीत १९२५मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९२७मध्ये चाळीस रंगांची पत्रिका काढली. आज कारखान्यांपासून दारे-खिडक्यांपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी आरएएल पद्धत तिच्यातूनच वाढली. १९४१च्या सुरुवातीला जुने क्रमांक जाऊन चार आकडी क्रमांक आले आणि गडद करडा ४६ हा आरएएल ७०२१ झाला. ब्रिटनची बीएस ३८१ ही रंगपत्रिका १९३०च्या आसपासची आहे. अमेरिकेची फेडरल स्टँडर्ड ५९५ खूप नंतरची, म्हणजे १९५६ची. भारतातही तयार रंगांसाठी आयएस ५ हे मानक आहे आणि त्यातल्या अनेक क्रमांकांचे नाते ब्रिटिश पत्रिकेशी थेट जुळते.

अमेरिकन पद्धतीचा पाच आकडी क्रमांक वाचायला शिकला, तर बाटली न उघडताही बरेच कळते. पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धचकचकीत, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचे कुळ सांगतो: ० तपकिरी, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. म्हणून ३४०८७ पाहताच हा मॅट हिरव्या कुळातला रंग आहे हे समजते, आणि ३३४४६ म्हणजे मॅट पिवळट कुळातला. १९९०-९१च्या आखाती मोहिमेतल्या अमेरिकन गाड्यांचा वाळवंटी रंग तो हाच.

पण क्रमांक म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ३४०८७चा नमुना पत्रिकेच्या सगळ्या आवृत्त्यांत सारखा नाही. आरएएल ७०२८, म्हणजे १९४३पासूनच्या जर्मन गाड्यांचा सुप्रसिद्ध गडद पिवळा, आजच्या आरएएल पत्रिकेत सापडतच नाही. आणि ऑलिव्ह ड्रॅबसारख्या दुसऱ्या महायुद्धातल्या रंगाला १९५६नंतरच्या पत्रिकेतला क्रमांक लावला जातो, तेव्हा ते 'जवळात जवळचे' उत्तर असते. युद्धकाळातल्या कारखान्याने त्या क्रमांकाने रंग मागवलेला नसतो. पुस्तकात क्रमांक दिसला की तो मूळ काळातला आहे की नंतर कोणी जुळवलेला, एवढा प्रश्न विचारला तरी निम्म्या चुका टळतात.

पेट्रोलमध्ये कालवलेला हिरवा

१८ फेब्रुवारी १९४३ ही तारीख जर्मन वाहने बनवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. त्या दिवशीच्या आदेशाने काळपट करडा गेला आणि कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांचा पाया गडद पिवळा झाला. त्यावर द्यायचे दोन रंग होते: ऑलिव्ह हिरवा ६००३ आणि तांबूस तपकिरी ८०१७. हे दोन रंग कारखाना देत नसे. ते घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून थेट तुकड्यांकडे जात आणि तिथले सैनिक ते पातळ करून आपापल्या परिसराप्रमाणे गाडीवर फवारत.

पातळ कशात करायचे? पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये, जे हाताशी असेल त्यात. पेट्रोलमध्ये केलेला रंग पत्र्याला घट्ट धरत असे. पाण्यातला रंग पावसात ओघळण्याचा धोका असे. लगद्याचे प्रमाण मापून घेणारा तिथे कोणी नव्हता. एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांवर एकाच डब्यातला हिरवा वेगळा दिसणे हे अगदी स्वाभाविक होते. कुठे फवारणीयंत्र होते, कुठे ब्रशने भागवावे लागे. म्हणून १९४३-४४च्या जर्मन प्रतिकृतीवर पट्ट्यांच्या कडा मऊ असाव्यात की टोकदार, याला नियमपुस्तकात उत्तर नाही. ते त्या विशिष्ट गाडीच्या छायाचित्रातच शोधावे लागते.

गडद पिवळ्याची स्वतःची कहाणीही सरळ नाही. सुरुवातीच्या काळात तो 'नमुन्याप्रमाणे गडद पिवळा' म्हणून मागवला जात होता. म्हणजे पुरवठादाराला रंगपत्रिकेत पक्का झालेला क्रमांक मिळाला नव्हता, नमुना मिळाला होता. पुढे युद्ध जसजसे अंगावर येऊ लागले, तसतशी कच्च्या मालाची चणचण वाढली. आज उरलेले तुकडे आणि अवशेष पाहिले, तर हा रंग कधी हिरवट, कधी मातकट, तर कधी फिकट वाळूसारखा दिसतो. म्हणूनच एका कंपनीचा 'डार्क यलो' दुसऱ्या कंपनीच्या बाटलीशी जुळत नाही, आणि तरी दोघांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही.

ऑगस्ट १९४४मध्ये तीनरंगी काम पुन्हा कारखान्यांकडे आले. त्या शरदापर्यंत परिस्थिती अशी झाली, की पँथरसारख्या रणगाड्यांना पूर्ण पिवळा पाया देणेही थांबले आणि गंजरोधक लाल प्राइमरवरच बाकीच्या रंगांचे पट्टे ओढले जाऊ लागले. रणगाड्याच्या आतला हस्तिदंती रंगही काही ठिकाणी गळाला. झाकणे उघडी ठेवून प्रतिकृती करायची असेल, तर आतला रंग ठरवण्यापूर्वी रणगाडा १९४३चा आहे की १९४४च्या अखेरचा, हे पाहावेच लागते.

जो निळा नव्हताच

उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश रणगाड्यांवर १९४० आणि १९४१मध्ये एक देखणी रंगसंगती होती. सरळ, तिरक्या, धारदार कडांचे तीन रंगांचे पट्टे गाडीभर पसरलेले असत. ब्रिगेडियर कॉन्टर या अधिकाऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते. गाडीचा आकार आणि दिशा शत्रूला लांबून उमगू नये, हा त्यामागचा हेतू होता. डिसेंबर १९४०मध्ये सिदी बरानीजवळच्या निबेइवा छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला, तेव्हा तिच्या सोबत सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे माटिल्डा रणगाडे होते. भारतीय सैनिकांचा देखावा उभा करू पाहणाऱ्या कारागिराला ही रंगसंगती टाळता येत नाही.

या संगतीचे तीन रंग कागदावर स्पष्ट आहेत. पाया लाइट स्टोन क्रमांक ६१ किंवा पोर्टलंड स्टोन क्रमांक ६४, मधला सिल्व्हर ग्रे क्रमांक २८ आणि सर्वांत गडद स्लेट क्रमांक ३४. तरीही अनेक वर्षे मासिकांत, खोक्यांवरच्या चित्रांत आणि स्पर्धांच्या टेबलांवर मधला रंग आकाशी निळा दिसत राहिला. संग्रहालयात नव्याने रंगवलेल्या गाड्यांवर तो निळा होता. चित्रकारांनी तिथून घेतला, कंपन्यांनी चित्रांवरून घेतला आणि कारागिरांनी कंपन्यांच्या सूचनांवरून. ब्रिटिश वाहनरंगांचे अभ्यासक माइक स्टार्मर यांच्यासारख्यांनी मूळ आदेश आणि रंगनमुने ताडून पाहिले, तेव्हा सिल्व्हर ग्रे हा फिकट, हिरवट झाक असलेला करडा निघाला. निळ्याचा त्यात संबंध नव्हता.

इथे चार पुरावे दिसतात खरे, पण मोजले तर एकच आहे. चित्र, सूचनापत्रक, डबी आणि संग्रहालय ही सगळी एकाच मुळातून निघालेली असतील, तर त्यांची संख्या वाढल्याने वजन वाढत नाही. पुरावा स्वतंत्र आहे का, हे पाहणे त्याची संख्या पाहण्याइतकेच गरजेचे असते.

तुटवड्याने ठरवलेले रंग

ब्रिटनच्या हिरव्या कुरणांत फिरणारी गाडी तपकिरी का असावी? निव्वळ कॅमोफ्लाजच्या दृष्टीने विचार केला तर उत्तर सापडत नाही. कारण वेगळेच होते. हिरव्या रंगाला लागणारे क्रोमियम ऑक्साइड युद्धात दुर्मीळ झाले होते. त्यामुळे आधीचा खाकी ग्रीन क्रमांक ३ मागे पडला आणि १९४२च्या सुमारास एससीसी २ हा तपकिरी रंग ब्रिटिश वाहनांचा मुख्य रंग झाला. एससीसी म्हणजे त्या काळच्या प्रमाणित कॅमोफ्लाज रंगांची मालिका.

मग एप्रिल १९४४मध्ये एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब आला. तोपर्यंत ब्रिटिश सैन्यात अमेरिकन गाड्यांचा इतका भरणा झाला होता, की त्यांना पुन्हा तपकिरी करत बसण्यापेक्षा आपलाच रंग अमेरिकन रंगाच्या जवळ नेणे सोपे होते. आदेशातली बारीक गोष्ट अशी, की आधीच तपकिरी असलेल्या गाड्या केवळ रंग बदलण्यासाठी पुन्हा रंगवायच्या नव्हत्या. त्यामुळे जून १९४४मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एकाच ब्रिटिश ताफ्यात जुना तपकिरी, नवा ब्रिटिश ऑलिव्ह आणि कारखान्यातून तसाच आलेला अमेरिकन ऑलिव्ह अशा तिन्ही रंगांच्या गाड्या एकामागून एक उभ्या असू शकत होत्या. देखावा मांडणाऱ्याला सगळ्या गाड्या एकाच बाटलीतून रंगवणे सोयीचे वाटते, पण तसा एकसारखा ताफा त्या उन्हाळ्यात पाहायला मिळणे कठीण होते.

अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबचे रसायन ऐकून नवशिक्याला नवल वाटते. त्याच्या मुळाशी पिवळी गेरू आणि काळा ही दोनच रंगद्रव्ये होती. पिवळ्यात काळा मिसळला की डोळ्याला मंद हिरवट छटा दिसते. ही गोष्ट घरच्या टेबलावर दोन थेंबांत पडताळता येते. काळ्याचे प्रमाण किंचित वाढले की रंग हिरवट-काळा होतो, गेरू वाढली की तपकिरीकडे झुकतो. म्हणूनच 'ऑलिव्ह ड्रॅब हिरवा की तपकिरी' हा वाद कधी मिटत नाही. प्रकाश, जुनेपणा आणि शेजारचा रंग यांवर त्याचे उत्तर बदलते. गवतावर उभी असलेली जीप तपकिरी वाटते आणि तीच जीप लाल मातीवर हिरवी.

छायाचित्र काय सांगते आणि काय सांगू शकत नाही

कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाही, पण गडद-फिकटाचे नाते सांगते. एकाच चित्रात गणवेश, गवत, माणसाची त्वचा आणि रणगाडा असेल, तर रणगाडा गवतापेक्षा उजळ आहे की गडद, एवढे तरी कळते. त्यातही फिल्मचा प्रकार लक्षात घ्यावा लागतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. तिच्यावर लाल प्राइमर काळाकुट्ट उमटतो आणि तांबूस तपकिरी वास्तवापेक्षा खूप गडद होतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हा घोटाळा कमी असतो.

रंगीत छायाचित्रे म्हणजे सुटका वाटते. कोडाक्रोम १९३५मध्ये बाजारात आली आणि त्यानंतरच्या वर्षी अॅग्फाकलर. अंधारात जपून ठेवलेल्या कोडाक्रोमच्या पारदर्शिका आजही आश्चर्य वाटावे इतक्या टवटवीत आहेत. अॅग्फाकलरमधले रंग मात्र काळानुसार ढळत जातात, आणि सगळे एकाच वेगाने ढळत नाहीत, त्यामुळे पूर्ण चित्र एखाद्या छटेकडे कलते. त्यावर सकाळ-संध्याकाळचा प्रकाश, छपाईची शाई आणि स्कॅनरची दुरुस्ती यांचे थर चढतात. अशा चित्रावर बाटली धरून रंग जुळवणे व्यर्थ आहे. पण त्याच चित्रात पांढरा बिल्ला किंवा ज्ञात रंगाचा झेंडा असेल, तर चित्र कोणत्या छटेकडे झुकले आहे हे ओळखून उरलेल्याचा अंदाज बांधता येतो.

संगणकाने रंगवलेली जुनी चित्रे या कामासाठी अजिबात वापरू नयेत. त्यांतला रंग त्या गाडीवरून आलेला नसतो, रंगवणाऱ्याच्या समजुतीतून आलेला असतो. म्हणजे कारागीर पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या अंदाजाची नक्कल करत बसतो.

पत्र्यावरचे थर

खरा रणगाडा समोर उभा असेल तर आणखी काय हवे? इथेच उत्साहाला आवर घालावा लागतो. संग्रहालयातली वाहने अनेकदा रंगवलेली असतात. उघड्यावर ऊन-पावसात उभ्या असलेल्या लोखंडाला जपायचे तर त्याला दर काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो. अमेरिकेतल्या अॅबर्डीन येथे पकडून आणलेली जर्मन वाहने अनेक दशके अशीच उघड्यावर उभी होती आणि त्यांच्यावर नव्या रंगांचे थर चढत गेले.

ट्युनिशियात एप्रिल १९४३मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला टायगर १३१ आज इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे. हा टायगर चालू स्थितीत आहे. त्याच्या दीर्घ दुरुस्तीचा शेवटचा टप्पा म्हणजे २०१२मध्ये त्याला त्या काळाशी जुळणारा रंग पुन्हा देणे. म्हणजे त्याआधी तो पाहून केलेली प्रतिकृती आणि त्यानंतर पाहून केलेली प्रतिकृती एकसारखी असणार नाही, जरी दोघांनी तोच रणगाडा पाहिला असला तरी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी परदेशी जायला नको. अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४पासून उघडे आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून व्हॅलेंटाइन, पॅटन आणि विजयंतापर्यंतची वाहने तिथे हाताच्या अंतरावर पाहता येतात. तिथे जाताना अभ्यास कशाचा करायचा हे ठरवून जावे. ओतीव बुरुजाचा खरखरीतपणा, वेल्डिंगच्या शिरा, साखळीच्या कड्यांची जाडी, चढण्या-उतरण्याच्या जागी झिजलेल्या कडा, डिझेल सांडणाऱ्या झाकणाभोवतीचे डाग, आडव्या पृष्ठभागावर धूळ कशी बसते आणि उभ्यावर पावसाचे ओघळ कसे उतरतात, या सगळ्यासाठी हे संग्रहालय खजिना आहे. बाहेरच्या थराचा रंग मात्र युद्धातला मानून टिपून घेऊ नये.

जुना रंग शोधायचा तर तो आत शोधावा लागतो: हत्यारांच्या पकडींखाली, बिजागरांच्या आत, दुसऱ्या भागाने झाकलेल्या जागी. तज्ज्ञ अशा ठिकाणी थर हळूहळू घासून वर्तुळाकार कडा तयार करतात. मग प्राइमरपासून वरपर्यंतचा क्रम उघडा पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्या तुकड्याचा रंग आकड्यांत मांडतो. तरीही काही दशके तेलात आणि अंधारात राहिलेला रंग ताज्या रंगासारखाच असतो असे मानता येत नाही, कारण तेलमिश्रित रंग अंधारात पिवळट पडतात. सोव्हिएत वाहनांचा सुप्रसिद्ध हिरवा ४बीओ जुन्या अवशेषांवर जो दिसतो, तो वाचताना ही शक्यता मनात ठेवावी लागते.

दहा मीटरवरून पाहताना

सगळे पुरावे जुळले, क्रमांक पक्का झाला, अचूक बाटलीही मिळाली. ती प्रतिकृतीवर फवारली की अनेकांना धक्का बसतो, कारण गाडी फारच काळी दिसते. याला 'स्केल इफेक्ट' म्हणतात. सह्याद्रीच्या लांबच्या रांगा जशा निळसर आणि फिक्या दिसतात, तसा हवेच्या थरातून येणारा रंग उजळतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. इंग्लंडमधले अभ्यासक इयन हंटली यांनी यासाठी पांढरा मिसळण्याची प्रमाणे सुचवली होती: १:७२ या प्रमाणाच्या प्रतिकृतीसाठी सुमारे १५ टक्के, १:४८साठी १० टक्के आणि १:३२साठी ७ टक्के.

हिशेब मात्र थोडे वेगळे सांगतो. १:३५ प्रमाणाची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी साडेदहा मीटरवरून पाहणे. १:७२ असेल तर सुमारे साडेएकवीस मीटर. स्वच्छ हवेत दहा-वीस मीटरवर हवेमुळे रंग इतका फिकट होत नाही. खरे कारण प्रकाशात आहे. खुल्या आकाशाखाली उभ्या रणगाड्यावर उन्हाचा मारा असतो, त्याच्या वरच्या पट्ट्या चमकतात, जमिनीवरून प्रकाश परत उडतो. खोलीतल्या दिव्याखाली बोटभर लांबीच्या पत्र्यावर हे काहीच घडत नाही. त्यात छोट्या क्षेत्राचा रंग डोळ्याला मोठ्या क्षेत्राइतका उजळ वाटत नाही, याचीही भर पडते.

म्हणून सरसकट पांढरा ओतण्यापेक्षा जिथे प्रकाश पडणार तिथेच उजळपणा देणे जास्त समंजस ठरते. तांबूस तपकिरीत पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, ऑलिव्हमध्ये मिसळला की तो खडूसारखा फिकट होतो. तपकिरीला गेरू किंवा फिकट वाळूरंगाने आणि ऑलिव्हला पिवळट बफ रंगाने उजळवले, तर मूळ छटा टिकून राहते. गडद जर्मन करड्यात किंचित निळसर करडा चालतो, पण फार पुढे गेले की रणगाडा नौदलाचा वाटू लागतो.

बाजारातल्या बहुतेक 'तयार' रंगांत हा उजळपणा आधीच धरलेला असतो, कुठे जास्त, कुठे कमी. त्यामुळे बाटलीवरचे नाव वाचून पुन्हा पांढरा मिसळला, तर तीच सवलत दोनदा दिली जाते. उपाय साधा आहे. प्लास्टिकच्या चमच्यावर प्राइमर लावून त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत, मॅट वार्निश मारावे आणि पूर्ण सुकल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावे. नंतर द्यायचा वॉश, म्हणजे खाचांत सोडलेला पातळ गडद रंग, पृष्ठभाग गडद करतो, म्हणून पाया एक पायरी फिकट ठेवणे बरे. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगवेगळी असतात. रंग जुळवायचा असेल तर खिडकीजवळ, आणि तोही दुपारच्या आत.

एक फायरफ्लाय, पहिल्यापासून

आता हे सगळे एका गाडीवर लावून पाहू. समजा, जून १९४४मधल्या नॉर्मंडीतली ब्रिटिश शेर्मन फायरफ्लाय करायची आहे. ही अमेरिकेत बनलेली शेर्मन, जिच्यावर ब्रिटनमध्ये लांब नळीची १७ पाउंडर तोफ बसवली गेली.

मूळ कवच अमेरिकन कारखान्यातून ऑलिव्ह ड्रॅबमध्ये आले, म्हणून पायाचा रंग अमेरिकन. बदल ब्रिटिश कार्यशाळांत झाले: नवी तोफ, बुरुजामागे जोडलेली रेडिओची पेटी, पुढच्या मशीनगनच्या जागी वेल्ड केलेली चकती. हे भाग ब्रिटिश रंगानेच रंगवले असणार. हे बदल १९४४च्या सुरुवातीपासून होत होते आणि एससीसी १५ एप्रिलमध्ये आला, म्हणून त्या भागांवर किंचित वेगळा ऑलिव्ह देणे पुराव्याला धरून आहे. फरक इतकाच ठेवावा, की जवळून पाहिल्यावर जाणवेल आणि दूरून एकच गाडी दिसेल.

लांब नळीमुळे शत्रू फायरफ्लायला आधी टिपत असे. म्हणून काही तुकड्यांनी नळीचा पुढचा अर्धा भाग खालून पांढरा रंगवून आणि त्याला लहरी कड देऊन नळी आखूड भासवण्याचा प्रयत्न केला. हे सर्वच गाड्यांवर नव्हते. निवडलेल्या गाडीच्या छायाचित्रात ते असेल तरच करावे. आतला भाग झाकण उघडे ठेवून दाखवायचा असेल तर तो पांढरा, पण झाकणाची आतली बाजू बाहेरच्या रंगाची, नाहीतर उघडे झाकण लांबून चमकले असते. आणि त्या उन्हाळ्यातल्या नॉर्मंडीची धूळ फिकट होती. साखळ्या आणि खालचा भाग तिने भरलेला असावा, बुरुजाच्या माथ्यावर ती विरळ असावी आणि माणसे चढतात-उतरतात तिथे ती पुसलेली असावी.

अशा कामाशेजारी अनुभवी कारागीर एक छोटी नोंद ठेवतात. पायाचा रंग: अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब, आधार कारखाना आणि पुरवठा. जोडलेल्या भागांचा रंग: एससीसी १५, आधार एप्रिल १९४४चा आदेश आणि अनुमान. नळीचा पांढरा: आधार त्याच गाडीचे छायाचित्र. धूळ: आधार त्या काळची रंगीत चित्रे. स्पर्धेचा परीक्षक असो की शेजारचा शाळकरी मुलगा, 'हा रंग असाच का?' असे कोणी विचारले, की बोट ठेवायला जागा असते. आणि उद्या एखादा नवा आदेश, नवा पत्रा किंवा नवे छायाचित्र सापडले, तर नोंदीतली नेमकी कोणती ओळ बदलायची तेही लगेच कळते.